डाव्या मनगटाची रेघ

२६ ऑगस्ट

निवड झाली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना थेट प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधनाला घेतात, त्या उपक्रमात माझं नाव लागलं. बायकोला, व्हर्नाला सांगितलं तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच घरी आली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "मग तोंड असं का? कोण गेलं?"

"मला आनंद झालाय."

"मग तुझ्या चेहऱ्यालाही कळव की जरा."

आनंद आहेच, पण भीती त्याहून मोठी आहे. गावचं धान्यकोठार कंपनीने बंद केलं त्याला दोन हिवाळे झाले. तरुणपणापासून मी तिथे वजनकाट्यावर होतो. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा वर्गात बसायचं, पदवी घ्यायची आणि गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचं, हे मीच ठरवलं आणि मीच सगळ्यांना सांगून बसलो. गेल्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मंडळीने मला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. इतक्या हातांनी धाडलेला माणूस तीन महिन्यांत परत आला तर कोणाला तोंड दाखवणार?

उपक्रमाची अट स्पष्ट आहे. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत पारख. प्राध्यापक 'राहू दे' म्हणाले तर पुढे, नाहीतर नाव कमी.

२९ ऑगस्ट

स्वागताच्या सभेत एका बाईने मला गाडी कुठे लावायची ते विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, मीही आजच आलोय. "तुमची मुलगी की मुलगा?" मी म्हटलं, मीच. बाई इतक्या जोरात "किती छान!" म्हणाली की मागच्या तीन रांगा वळल्या.

मला वाटलं होतं मातीच्या नाहीतर बियाण्याच्या कामाला लावतील. मिळाली चालीची प्रयोगशाळा. माणसं कशी चालतात ते तिथे मोजतात. मेंदूचे काही आजार वर दिसू लागण्याच्या कितीतरी आधी चालीत उमटतात का, हा तिथल्या प्राध्यापिका डॉ. केसलर यांचा प्रश्न आहे. त्यांच्या हाताखाली तुयेत लाम नावाची मुलगी डॉक्टरेट करते आहे. रोजचं काम तीच शिकवणार. माझ्याबरोबर आणखी एकच नवी, मारिसोल अरियागा, अठरा वर्षांची, गार्डन सिटीची. तिचे वडील तिथल्या मांसाच्या कारखान्यात आहेत. तिने पहिल्याच भेटीत माझं नाव 'डॉन ऑर्लिन' करून टाकलं. त्यांच्यात वडीलधाऱ्यांना तसं म्हणतात म्हणे. मी म्हटलं, आपण एकाच वर्गात आहोत. "म्हणून तर म्हणतेय," ती म्हणाली, "नुसतं ऑर्लिन म्हटलं तर आजी मला चपलेने मारेल."

४ सप्टेंबर

या प्रयोगशाळेची एक रीत आहे. नव्या माणसाने आधी मोजणीच्या पट्ट्यावर स्वतः चालून दाखवायचं. जो स्वतः त्या पट्ट्यावर चालला नाही त्याने दुसऱ्याला चालायला सांगायचं नाही. ती नोंद मग 'निरोगी' गटात जाते. नाव लागत नाही, फक्त क्रमांक लागतो.

घड्याळासारखे सेन्सर असतात. डाव्या मनगटाला निळा, उजव्याला पिवळा, शिवाय घोट्यांना आणि कमरेला. मारिसोल आधी चालली, कंबर हलवत, एखादी राणी मिरवणुकीत चालावी तशी. तुयेत ओरडली, "नीट चाल गं! शास्त्र आहे हे!"

मग माझी पाळी. आणि इथेच घात झाला. मनगटाचा पट्टा बांधताना बोटं ऐकेनात, आणि निळा सेन्सर हातातून निसटून फरशीवर आपटला. आवाज चांगलाच झाला. तुयेत आतल्या खोलीत होती, मारिसोल पाणी प्यायला गेली होती. मी तो उचलला, फुंकर मारली, बांधला आणि चाललो.

कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. 

६ सप्टेंबर

मला वाटलं होतं तसंच झालं. संगणकावर तुयेतने आमच्या नोंदी उघडल्या. उजव्या मनगटाची रेघ छान वरखाली, टेकड्यांसारखी. डाव्याची जवळजवळ सपाट. आमच्याकडची गव्हाची रानं असतात तशी.

तुयेत वाकून बघत राहिली. "पुन्हा चालाल?" मी पुन्हा चाललो. पुन्हा तेच. तिने ओठ दाबले, पडदा बंद केला आणि म्हणाली, "ठीक आहे. राहू दे." आवाज एकदम मऊ. मुलं हट्टाने काहीतरी मोडतात तेव्हा समजूतदार माणसं असंच बोलतात.

सेन्सर मीच मोडला. तिला कळलंय, पण ती बोलत नाही. डॉ. केसलर यांना सांगितल्याशिवाय ती राहील का?

१५ सप्टेंबर, रविवार

उपासनेत गीतं मीच काढून देतो. आमच्याकडे वाद्यं नाहीत, त्यामुळे पहिला सूर ज्याचा त्याच्या मागे सगळे. आज बाहेर पडल्यावर मंडळीतल्या आल्विना श्राग म्हणाल्या, "ऑर्लिन, तिसऱ्या बाकावर बसूनही तू ऐकू आला नाहीस. कॉलेजात कुजबुजायला शिकवतात काय?"

सगळे हसले. मीही हसलो, निदान मला तसं वाटलं. भीती माणसाचा गळा कसा धरते ते आजवर नुसतं वाचलं होतं.

२३ सप्टेंबर

माणसांवर प्रयोग करताना पाळायचे नियम, या विषयाची परीक्षा पास झालो. एकही उत्तर चुकलं नाही. रात्रंदिवस तेच घोकत होतो. नोंद कोणाची हे शोधायचं नाही. कळलं तरी उघड करायचं नाही. आपण डॉक्टर नाही, म्हणून आकड्यांवरून कोणाला आजाराचं नाव सांगायचं नाही. अडचण आली तर प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीला विचारायचं, आपल्या मनाने काही करायचं नाही. नियम वाचताना मला बरं वाटलं. आमच्या मंडळीतही असंच आहे. एकट्याने ठरवायचं नाही.

तुयेतने अभिनंदन केलं, आजारी माणसांच्या नोंदी रांगेत लावायचं काम दिलं, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही.

१ ऑक्टोबर

व्हर्ना अंगणात कपडे वाळत घालत होती. मी स्वयंपाकघरात बसून संख्याशास्त्र वाचत होतो. ती धावतच आत आली, भट्टीचं दार उघडलं, आणि काळाकुट्ट धूर. झ्वीबाकचे सगळे पाव कोळसा झाले होते.

"बाहेर दोरीपाशी मला वास आला, ऑर्लिन! तू भट्टीला पाठ लावून बसलायस!"

"लक्ष नव्हतं गं."

"नाकाला कसलं लक्ष लागतं?"

तिचं खरं आहे. पण ज्याच्या डोक्यात दिवसभर एक मोडलेला सेन्सर फिरतोय त्याला पाव काय आणि घर काय. ती खिडक्या उघडत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "तू माझ्यावर रागावलायस का?" मी नाही म्हटलं. तिने वळून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

व्हर्ना हल्ली शिवणाच्या खोलीत झोपते. मी झोपेत लाथा मारतो म्हणे. परवा स्वप्नात कोठारातलं धान्य अंगावर कोसळत होतं आणि मी हातपाय मारत होतो; जागा झालो तर ती कपाळ धरून बसलेली. माझ्याच कोपराने लागलं होतं.

९ ऑक्टोबर

डॉ. केसलर यांनी बोलावलं. आता निकाल, म्हणून मी जिन्यातच थांबून प्रार्थना केली. पण त्यांनी कामाचं काहीच काढलं नाही. खिडकीबाहेर बघत विचारलं, "मिस्टर व्होथ, इथे जमतंय ना? झोप लागते? जेवणाला चव, वास, सगळं ठीक?"

मी म्हटलं, "झोप उत्तम. सगळं उत्तम."

हे खोटं होतं. लिहितानासुद्धा कान तापतात. पण प्रश्नांचा रोख मला कळत होता. म्हातारा विद्यार्थी, थकलेला, हातून वस्तू पडणारा, याला ठेवायचं की नाही, त्याची चाचपणी.

मग त्या म्हणाल्या, "कॉलेजच्या दवाखान्यात पहिल्या वर्षाच्या सगळ्यांची तपासणी होते. तुम्ही करून घ्या. सगळ्यांनाच सांगतेय मी."

बाहेर येऊन मारिसोलला विचारलं, तुला दवाखान्याचं काही सांगितलं का? "मला? नाही बुवा. मला फक्त च्युइंगम थुंकायला सांगितलं."

म्हणजे फक्त मला. कागदावर 'प्रकृतीच्या कारणाने' लिहिलं की माणसाला काढणं सोपं जातं. मी दवाखान्यात जाणार नाही.

१७ ऑक्टोबर

ग्रंथालयाकडे जाताना मारिसोल मागून आली. "डॉन ऑर्लिन, एक विचारू? तुम्ही डाव्या हातात ती न दिसणारी बादली घेऊन का चालता?"

"कसली बादली?"

तिने चालून दाखवलं. उजवा हात मोकळा, डावा अंगाला चिकटवलेला, कोपरात किंचित वाकवलेला. मला हसू आलं. लहानपणी आमच्याकडे गाई होत्या. दुधाची बादली मी डाव्याच हाताने आणायचो. तिला तसं सांगितलं. म्हटलं, जन्माची सवय आहे.

"मग आता ठेवा की खाली," ती म्हणाली. "गाई कधीच्या गेल्या."

३१ ऑक्टोबर

आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं. डॉ. केसलर यांच्या दाराशी मी ठोठावायला हात उचलला होता, तेवढ्यात आतून तुयेतचा आवाज आला. रडवेला.

"तो माणूस रोज माझ्या शेजारी बसतो, मॅडम! रोज 'आज काय काम' म्हणून विचारतो!"

"नियमाने ती नोंद कोणाची हे आपल्याला माहीत नाही."

"सगळ्यांना माहीत आहे. त्या आठवड्यात दोघंच चालले."

"म्हणूनच समितीला विचारलंय. उत्तर येईपर्यंत तू त्याला एक शब्द बोलायचा नाहीस. आपण चुकीचं बोललो तर त्या माणसाचं काय होईल, विचार कर."

"आणि नाही बोललो तर?"

मी पाऊल न वाजवता परत फिरलो.  गोष्ट समितीपर्यंत गेली! एका सेन्सरसाठी! आणि ती पोर माझ्यासाठी रडते आहे. मी लपवलं म्हणून तिलाही लपवावं लागतंय.

परमेश्वरा, माझ्या भित्रेपणाचा भार दुसऱ्यावर का?

३ नोव्हेंबर, रविवार

पाळकांना सांगितलं, यापुढे गीतं दुसऱ्या कोणी काढून द्यावीत. त्यांनी कारण विचारलं. घसा, म्हटलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं आता विचारतील, आणि विचारलं असतं तर मी सगळं बोललो असतो. पण कोणीतरी कॉफीला हाक मारली.

१२ नोव्हेंबर

ठरवलं. समितीने बोलवायच्या आधी आपणच जाऊन सांगायचं की सेन्सर माझ्या हातून पडला. पण सांगण्याआधी मला खात्री करून घ्यायची आहे. तुयेत नेहमी सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, मग बघा काय होतं. मग निळा सेन्सर उजव्या हाताला बांधला तर? मोडलेला असेल तर सपाट रेघ उजवीकडे जाईल. इतकं सोपं. दोन महिने हे सुचलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती.

१३ नोव्हेंबर

देवाची स्तुती असो. सेन्सर शाबूत आहे!

दुपारी तुयेत वर्गावर होती. मारिसोलला सगळं सांगितलं, आपटल्यापासूनचं. ती म्हणाली, "एवढंसं ओझं घेऊन दोन महिने फिरलात? मी तर पहिल्याच दिवशी ते यंत्र खुर्चीने चेपलं होतं." ती संगणकावर बसली. मी निळा उजव्या मनगटाला बांधला, पिवळा डाव्याला, आणि चाललो.

निळ्या सेन्सरची रेघ: टेकड्या. उत्तम, उंच, एकसारख्या टेकड्या. त्याला काही झालेलं नाही. मी खुर्चीत बसलो आणि मोठ्याने देवाचे आभार मानले. मारिसोल मात्र पडद्याकडेच बघत होती. मी म्हटलं, अगं, हस की.

"हो," ती म्हणाली. "पण मग डावीकडे अजून सपाट का आहे?"

खरंच होती. पिवळा आता डावीकडे, आणि डावीकडचीच रेघ सपाट. मी म्हटलं, पट्टा सैल असेल. तिने तेच दोन्ही सेन्सर स्वतःला बांधले, तसेच, आणि चालली. यावेळी मिरवणूक नाही, सरळ चालली. दोन्हीकडे टेकड्या.

"उद्या मॅडमना दाखवू," ती म्हणाली. मग उगाचच माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि जिन्यापर्यंत सोबत आली.

मी तिन्ही कागद छापून घेतलेत: माझे दोन, तिचा एक. डावीकडे असं का, ते डॉ. केसलर सांगतील. कदाचित चालायच्या पट्ट्याच्या त्या बाजूच्या जमिनीतच काही दोष असेल. माझ्या हातून काही मोडलेलं नाही, ही गोष्ट आज पुरेशी आहे.

पण हे लिहून झाल्यावर मी उठलो, बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललो, आणि दिवा मालवला. खिडकीच्या काचेत माझं चालणं दिसत होतं म्हणून.

१४ नोव्हेंबर

"बसा, मिस्टर व्होथ."

"आधी मला सांगू द्या." मी सगळं सांगितलं. आपटलं ते, लपवलं ते, झोपेबद्दल खोटं बोललो तेही. कागद पुढे ठेवले. डॉ. केसलर यांनी ते शेजारी शेजारी लावून बघितले.

"हे करून बघायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं तुयेत म्हणते."

त्यांनी चष्मा काढला. "समितीचं उत्तर आज सकाळी आलं. मला आता तुम्हाला एक प्रश्न विचारायची परवानगी आहे. तुमच्या नोंदीत काही दिसलं असेल तर ते तुम्हाला जाणून घ्यायचंय का? नाही म्हणालात तर हा विषय मी पुन्हा कधी काढणार नाही."

"म्हणजे मला ठेवायचं की काढायचं, ते?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच दया आली. "काढायचं? तुमची जागा पक्की असल्याचं मी उपक्रमाच्या कचेरीला सप्टेंबरातच कळवून टाकलंय. देवा, तुम्ही एवढे दिवस हे धरून बसला होतात?"

 कागद टेबलावर माझ्याकडे तोंड करून पडले होते. मी कितीतरी दिवस सेन्सरकडे बघत होतो. ज्याला तो बांधला होता त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

"सेन्सर चांगला आहे," मी म्हटलं.

"हो."

"म्हणजे रेघ खरी आहे."

"मी डॉक्टर नाही," त्या हळू म्हणाल्या. "आजाराचं नाव मी घेणार नाही. पण तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर एवढंच म्हणेन, मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. उशीर करू नका."

नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. ज्या आजाराच्या माणसांच्या नोंदी मी दोन महिने रांगेत लावतोय त्यांचे डावे-उजवे हात मला पाठ आहेत.

बाहेर तुयेत उभी होती. तिने मला मिठी मारली, त्यांच्या घरी असं करत नाहीत हे तिनेच एकदा सांगितलं होतं.

त्याच दिवशी, घरी

व्हर्ना पीठ मळत होती. मी उभ्यानेच सांगितलं. हात, वास, झोप, आवाज, चेहरा. एकेक गोष्ट सांगत गेलो तशी माझी मलाच ती दिसत गेली. ती मळायची थांबली नाही. मग एकदम थांबली.

"चेहरासुद्धा? त्याच्यामुळे?"

"असं वाचलंय. चेहऱ्यावर उमटत नाही."

"म्हणजे तू रागावला नव्हतास."

"कधीच नाही."

ती पिठाच्या हातांनीच खुर्चीत बसली. "मला वाटलं, कॉलेजात जायचं ठरवलंस, शिकलेल्या माणसांत बसणार, आता शाळेची स्वयंपाकीण कशाला आवडेल. वर्ष झालं, ऑर्लिन. वर्षभर मी तुझ्या चेहऱ्याकडे बघून रोज घाबरत होते." आणि ती हसायला लागली, आणि रडायलाही, आणि मला म्हणाली, "गाढवा, आधी सांगायचं नाही का!"

"मला तरी कुठे माहीत होतं?"

"तेही खरंच."

पीठ तसंच राहिलं. आम्ही दोघं घाबरलेली माणसं एकाच बाजूला बसलो, एवढाच फरक पडला.

५ डिसेंबर

विचिटा. मेंदूच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आधी बोटं आपटायला सांगितली, मग मनगट फिरवून बघितलं, मग म्हणाल्या, "आता या कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालून या, मिस्टर व्होथ. नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे काय ते मला आता कळेनासं झालंय. त्या काय बघणार ते मला माहीत होतं, कुठल्या हाताकडे आणि का, तेही. डावा हात अजून पूर्ण गेलेला नाही. सांगितलं तर हलतो. घरी मी करून बघितलंय. मनात मोजत मोजत पुढे-मागे न्यायचा, बस. बघणाऱ्याला कळणारही नाही. निदान आजच्यापुरतं. निदान हा नाताळ तरी.

टोकाला व्हर्ना उभी होती, पर्स छातीशी धरून.  प्रार्थनेला शब्द जुळेनात. नुसतं प्रभू, प्रभू, एवढंच होत राहिलं.

मग मी तिच्याकडे बघत चालायला लागलो, आणि हाताला काहीच सांगितलं नाही.